दोन किलोमीटर, सलग

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,
शिवाजीनगर, पुणे.

विषय : चालणाऱ्या, व्हीलचेअरवरून जाणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या पुणेकरांसाठी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने वर्षभरात करायचे एक काम

आयुक्त महोदय,


नवे धोरण मागायला हे पत्र लिहीत नाही. पुण्याकडे धोरणे आहेत आणि ती चांगली आहेत. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. त्याच वर्षी शहरातील रस्त्यांची रचना कशी असावी, याची मार्गदर्शक तत्त्वे आली. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; त्यात सुमारे सव्वाआठशे किलोमीटरचे जाळे आखले होते. २०१८ मध्ये पार्किंगचे धोरण मंजूर झाले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळणारी महापालिकाही आपलीच. यातली मुख्य कागदपत्रे मी वाचली आहेत. चालणाऱ्याला रस्त्यावर पहिला मान, त्यानंतर सायकल, मग बस आणि शेवटी खासगी गाडी, हा क्रम त्यांनी मान्य केलेला आहे. म्हणून तत्त्वाचा वाद मी घालत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की पुण्यात पदपथ कमी पडत नाहीत, ते तुटतात.

शहरातला कुठलाही मोठा रस्ता घ्या. शंभर फूट उत्तम पदपथ असतो. मग विजेचा डीपी बॉक्स येतो. पुढे सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरतो, पलीकडे पुन्हा चढतो. त्यापुढे ओळीने लावलेल्या दुचाक्या. मग केबलसाठी खणलेला चर आणि त्याच्या कडेला उचलायचा राहिलेला राडारोडा. नंतर बसथांबा, तोही पदपथाची सगळी रुंदी अडवून उभा. या पाचांपैकी एक जरी अडथळा वाटेत आला तरी माणूस रस्त्यावर उतरतो. आणि एकदा उतरला की पुढचा पदपथ मोकळा असला तरी तो वर चढत नाही, कारण तो पुन्हा कुठेतरी संपणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. 'पदपथ बांधून दिले तरी लोक रस्त्यावरूनच चालतात' अशी तक्रार अभियंते करतात, त्याचे कारण हेच आहे. दोन टोकांमध्ये एक मीटरची फट असलेल्या जलवाहिनीला पाणीपुरवठा विभाग 'नव्याण्णव टक्के पूर्ण' म्हणणार नाही. पदपथाची लांबी मात्र आपण तशीच मोजतो.

या फटींची किंमत माणसे जिवाने मोजतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक. कुणाच्याही अंगावर न जाता, धूर न सोडता, कुणाची जागा न अडवता ही माणसे नुसती चालत होती.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आपल्या पंधरा क्षेत्रीय कार्यालयांपैकी प्रत्येकाने येत्या आर्थिक वर्षात आपल्या हद्दीत दोन किलोमीटरचा एक मार्ग निवडावा आणि तो सलग करावा. त्या मार्गावर एक शाळा असावी, एक दवाखाना असावा, भाजी मंडई असावी, पीएमपी बसचा थांबा किंवा मेट्रोचे स्थानक असावे. या दोन किलोमीटरमध्ये व्हीलचेअरवरची व्यक्ती कुणाचीही मदत न घेता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकली, तरच काम पूर्ण झाले असे धरावे. एवढी एकच कसोटी पुरे आहे. जिथून व्हीलचेअर जाते तिथून बाबागाडी जाते, काठी टेकत चालणारे आजोबा जातात, चाकांची बॅग ओढणारा प्रवासी जातो आणि दप्तराखाली वाकलेली चौथीतली मुलगीही जाते.

ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही. माझ्या आईला काही वर्षांपासून व्हीलचेअर लागते, त्यामुळे सेंटीमीटरांचे महत्त्व मला कळू लागले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींविषयीच्या मार्गदर्शिकेत पदपथाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. निवासी भागात किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेत २.५ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी, असेही तिथे आहे. उतार बारास एक या प्रमाणात हवा. म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीच्या पदपथाला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कंत्राटदार हाताला आलेले सिमेंट ओतून दीड-दोन फुटांत उतार संपवतो. त्यावरून व्हीलचेअर वर चढवायला दोन माणसे लागतात आणि खाली उतरताना बसलेला माणूस पुढे कलंडतो. नकाशात तिथे 'रॅम्प' दाखवलेला असतो.

दुसरी गोष्ट खांबांची. दुचाक्या पदपथावर चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी किंवा दगडी खांब रोवतात. व्हीलचेअरला जायला दोन खांबांमध्ये किमान ९० सेंटीमीटर जागा हवी. तेवढ्या जागेतून स्कूटरही आरामात जाते. जागा कमी केली की स्कूटर अडते, पण व्हीलचेअरही अडते, आणि बहुतेक ठिकाणी आपण तेच केले आहे. हा प्रश्न खांबांनी सुटणारा नाही. दुचाकीस्वाराला अडवण्याचे काम दंडाने आणि पोलिसाने करायचे आहे. ते दगडावर सोपवून अपंग माणसाला घरात बसवणे अन्यायाचे आहे. निवडलेल्या मार्गावरचे दोन खांबांमधले प्रत्येक अंतर मोजा. जिथे ते ९० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तिथे एक खांब काढा आणि त्या ठिकाणी गर्दीच्या वेळेला वाहतूक पोलिसांची कारवाई मागून घ्या.

फाटकांचेही तसेच. सोसायटीत गाडी शिरायची म्हणून पदपथ प्रत्येक दारापाशी जमिनीला टेकतो. चालणारा दर पन्नास पावलांना खाली-वर करत राहतो. याच्या उलट करायला हवे. पदपथ एका पातळीत पुढे जावा आणि गाडीने उतारावरून त्यावर चढून, थांबून, मग आत जावे. छोट्या गल्ल्यांच्या तोंडाशीही चालण्याची पातळी तशीच ठेवता येते. गाडीचा वेग तिथे आपोआप कमी होतो. अशी रचना आपल्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. जंगली महाराज रस्त्याचे नवे पदपथ ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथे संध्याकाळी म्हातारी माणसे बाकांवर टेकतात, लहान मुले खेळतात, आणि दुकाने बंद पडली नाहीत.

पेव्हर ब्लॉकविषयी एकच सांगते. व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात. एक ब्लॉक बोटभर वर आला तरी ती अडकतात. चर बुजवल्यावर ब्लॉक नुसते ठेवून देणाऱ्या ठेकेदाराचे बिल, त्या जागेवरून व्हीलचेअर फिरवून पाहिल्याशिवाय पास करू नका. आणि अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या स्पर्शपट्ट्या झाडाच्या बुंध्यापाशी किंवा खांबापाशी नेऊन सोडल्या जातात, ते तर लगेच दुरुस्त करण्यासारखे आहे. पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस त्या पट्टीवर विश्वास टाकून पुढचे पाऊल टाकत असतो.

आता चौक. चौक हीसुद्धा पदपथातली फटच आहे, आणि सगळ्यांत धोक्याची. साधारण २४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर या वेगाने ओलांडायला २० सेकंद लागतात. हा धडधाकट माणसाचा वेग झाला. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालल्या तर त्यांना ३० सेकंद हवेत. आपल्या कितीतरी सिग्नलांवर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा इतका वेळ देत नाही, आणि काही ठिकाणी तो दिवाच नाही. त्यातच डावीकडे वळणाऱ्या गाड्या अखंड सुरू असतात. निवडलेल्या मार्गांवरच्या सिग्नलांच्या वेळा मंद चालणाऱ्यांच्या हिशेबाने वाहतूक पोलिसांबरोबर बसून पुन्हा ठरवा. यात सिमेंटचा खर्च नाही. रस्ता ओलांडायला पादचारी पूल आणि भुयारी मार्ग हा उपाय मात्र कृपया सुचवू नका. चाळीस-पन्नास पायऱ्या चढून चाळीस-पन्नास उतरणे हे गाडीचा वेळ वाचवण्यासाठी माणसाला दिलेले काम आहे. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी रस्ता तिथेच संपतो.

सायकलीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तो पुण्याच्या आठवणींचा विषय आहे. पुणे सायकलींचे शहर होते हे प्रत्येक भाषणात ऐकायला मिळते. टिळक रस्त्यावर, बाजीराव रस्त्यावर, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास इतक्या शाळा आणि महाविद्यालये आहेत. त्यांची मुले सायकलने येत, गिरणी-कारखान्यातले कामगार सायकलने जात. त्या काळी सायकल मार्ग नव्हते, हे खरे. पण तेव्हा रस्त्यावर गाड्याही फारशा नव्हत्या. सायकलस्वार सुरक्षित होता, कारण सगळेच त्याच्या वेगाने चालत होते. आज तो वेग राहिलेला नाही, म्हणून स्वतंत्र, संरक्षित मार्ग लागतो, आणि तोही सलगच लागतो.

हे आपण दोनदा शिकलो आहोत. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली, तिच्या कडेने सायकल मार्गही झाले. ते चौकाआधी संपत, चौकानंतर पुन्हा सुरू होत; सायकलवाल्याला सर्वांत जास्त संरक्षण जिथे हवे तिथेच ते नसे. हळूहळू त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि 'पुणेकर सायकल वापरतच नाहीत' असा निष्कर्ष निघाला. मग डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. तरुणांनी त्या हौसेने चालवल्या. काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. त्याची कारणे अनेक असतील, पण सायकल आधी आली आणि वाट आलीच नाही, हे त्यातले मोठे कारण आहे असे माझे मत आहे.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराने नेमके उलट केले. २००६ नंतर थोड्याच वर्षांत तिथल्या नगरपालिकेने सुमारे ८० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले, वाहनांपासून वेगळे केलेले सायकल मार्ग एकाच दमात बांधले. त्यासाठी गाड्या उभ्या करायच्या जागा काढून घेतल्या. कडक उन्हाळ्याचे शहर, सायकलची मोठी परंपरा नाही. तरीही सायकलवरच्या फेऱ्या अनेक पटींनी वाढल्या, कारण घरापासून कामापर्यंतची वाट मध्ये तुटत नव्हती. तुकड्यातुकड्यांनी वीस वर्षे बांधले असते तर हे झाले नसते.

पुण्याला यातून एक स्वस्त काम लगेच करता येईल. आपल्याकडे एकदिशा रस्ते फार आहेत. फर्ग्युसन रस्त्याने एका दिशेला, जंगली महाराज रस्त्याने दुसऱ्या दिशेला. मोटारीला वळसा पडला तर थोडे पेट्रोल जास्त जाते. सायकलवाल्याला तोच वळसा स्वतःच्या मांड्यांनी मारावा लागतो, म्हणून तो उलट दिशेने घुसतो आणि शिव्या खातो. एकदिशा रस्त्यांवर, जिथे रुंदी आहे तिथे, सायकलींसाठी उलट दिशेची संरक्षित पट्टी द्या. नुसते रंगवलेले पट्टे नकोत. मधे उंचवटा हवा. आणि रस्त्याच्या कडेच्या जाळ्या तपासून घ्या. गज रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या जाळीत सायकलचे चाक सरळ आत जाते. जाळी आडवी फिरवून बसवली की प्रश्न मिटतो.

हे सगळे करताना जागेचा प्रश्न येणार, आणि तिथे आपल्याला ठाम राहावे लागेल. सार्वजनिक रस्त्यावर गाडी फुकट उभी करणे हा हक्क नाही. २०१८ चे पार्किंग धोरण सभागृहात पाच रस्त्यांपुरते आकसले आणि तेही कित्येक वर्षे रस्त्यावर उतरले नाही. निवडलेल्या पंधरा मार्गांवर तरी ते अमलात आणा. औंधच्या डी. पी. रस्त्यावर पदपथ रुंद केले तेव्हा विरोध झाला, तसा इथेही होईल. त्या वेळी आपल्या अधिकाऱ्यांच्या पाठीशी आपण उभे राहिलात तर बरेच काम होईल.

पण पदपथ मोकळे करायचे म्हणजे पथारीवाल्यांना हुसकायचे, असा अर्थ कुणी काढू नये. २०१४ च्या कायद्याने त्यांना जागा, नोंदणी आणि शहर फेरीवाला समितीत आवाज दिला आहे. संध्याकाळी साडेआठला एकटी मुलगी ज्या रस्त्याने निर्धास्तपणे घरी येते, तो बहुधा फुलवाली, चहाची टपरी आणि भाजीची गाडी असलेला रस्ता असतो. रुंद पदपथावर बसणाऱ्यांसाठी आखलेली पट्टी आणि चालणाऱ्यांसाठी आखलेली पट्टी शेजारी नांदू शकतात. झाड, बाक, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह बसणाऱ्यांच्याच पट्टीत यावे. एप्रिलच्या दुपारी सावली नसलेला दोन किलोमीटरचा पदपथ कितीही सपाट असला तरी त्यावरून कुणी जाणार नाही, आणि वाटेत स्वच्छतागृह नसेल तर बाईमाणूस घरातून निघण्याआधी पाणी पिणे टाळते.

हे महापालिकेला जमणार नाही, असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण दरवर्षी आषाढीच्या आधी डोळ्यांना दिसते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात तेव्हा लाखो माणसे एकाच वेळी पायी चालत असतात; त्यांत सत्तरीच्या बायका आहेत, अनवाणी माणसे आहेत, कडेवरची मुले आहेत. तेव्हा आपला पथ विभाग खड्डे बुजवतो, पाणीपुरवठा विभाग टँकर उभे करतो, फिरती स्वच्छतागृहे येतात, आरोग्य पथके बसतात, पोलीस वाहतूक वळवतात. हे सगळे विभाग एकत्र काम करतात, कारण चालणारा माणूस त्या दिवसांत पाहुणा मानला जातो आणि मार्गाला एक नाव असते. मार्ग ठरलेला असला, तारीख ठरलेली असली आणि जबाबदार माणूस ठरलेला असला की आपल्याच यंत्रणेकडून हे होते, याचा याहून चांगला पुरावा मी कुठून आणू?

एरवी मात्र पदपथाचा मालक कोण, हेच ठरलेले नसते. बांधणार पथ विभाग, दिवे विद्युत विभागाचे, चेंबर मलनिस्सारणाचे, झाड उद्यान विभागाचे, पथारी अतिक्रमण विभागाची, डीपी महावितरणचा, सिग्नल पोलिसांचा. नागरिकाने तक्रार केली की ती या सात टेबलांवरून फिरते. म्हणून माझी दुसरी मागणी अशी, की प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयातल्या एका उपअभियंत्याला त्या दोन किलोमीटरचा अधिकारी नेमा, त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक मार्गाच्या दोन्ही टोकांना फलकावर लावा, आणि त्या मार्गावर खोदाईची परवानगी त्याच्या सहीशिवाय देऊ नका. दर तीन महिन्यांनी त्याने व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाबरोबर, एका अंध व्यक्तीबरोबर आणि त्या मार्गावरच्या शाळेतल्या मुलांबरोबर पूर्ण वाट चालावी. कुठे थांबावे लागले ते लिहून जाहीर करावे.

पैशांविषयी फार लिहीत नाही. चेन्नई महापालिकेने २०१४ च्या धोरणात वाहतुकीवरच्या खर्चातला किमान ६० टक्के वाटा चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या सोयींसाठी ठेवायचे लिहिले. २०१९ मध्ये पाँडी बझारचा रस्ता त्यांनी चालणाऱ्यांना दिला. आपल्याला तेवढी झेप आज घ्यायची नसेल तर नको; एका उड्डाणपुलाच्या खर्चात असे कितीतरी मार्ग बसतील, हे आपल्या लेखा विभागाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

समाविष्ट गावांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली. वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, आंबेगाव या भागांत वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत आणि पुष्कळ रस्त्यांवर पदपथ नावाची वस्तूच नाही. मुले सिमेंटच्या मिक्सरच्या आणि पाण्याच्या टँकरच्या कडेने शाळेत जातात. तिथे दुरुस्ती करायची नाही, पहिल्यांदाच बांधायचे आहे, म्हणजे पहिल्यांदाच बरोबर बांधता येईल. पंधरा मार्ग निवडताना ही गावे शेवटी ठेवू नका.

कायद्याची आठवण करून देणे मला आवडत नाही, पण ती करून द्यायला हवी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने चालण्यायोग्य, अडथळे नसलेले पदपथ हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि ते दिव्यांगांनाही वापरता यायला हवेत, असे बजावले. त्यामुळे हे पत्र एका नागरिकाची विनंती असले तरी त्यातली मागणी ऐच्छिक नाही.

पुणेकरांनाही एक सांगायचे आहे. आपल्या शहरात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवण्याची सोय आहे. दरवर्षी त्यात बाके, फलक आणि पेव्हर ब्लॉक मागितले जातात. या वर्षी आपल्या भागातले दोन किलोमीटर निवडा, एकदा चालून बघा, तुटलेली प्रत्येक जागा लिहा आणि ती यादी क्षेत्रीय कार्यालयात पोचवून पोच घ्या.

आयुक्त महोदय, पंधरा मार्गांची नावे, प्रत्येकाचा अधिकारी आणि काम पूर्ण होण्याची तारीख, एवढ्या तीन गोष्टी येत्या अंदाजपत्रकासोबत जाहीर कराव्यात, ही विनंती.

आपली,
कोथरूडमध्ये राहणारी एक नागरिक